बोर्डाचा सातबारा

कुपवाडच्या एमआयडीसीत सुटे भाग जोडून यंत्र उभं करणं हे रोजचं काम. त्यामुळे सुटे भाग आणून कॉम्प्युटर असेंबल करण्याचं इथं कुणाला अप्रूप नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट असा माल सांगलीत मिळतो, नाही मिळाला तर पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो, आणि संध्याकाळपर्यंत ‘डिस्प्ले आला’ असा निरोपही येतो. मग त्यावर विंडोज टाकायचं, की झालं. पण अशाच मशीनवर ॲपलचं मॅकओएस चालतं म्हटलं की जाणकारसुद्धा हातातलं काम थांबवून बघायला येतात. अशा मशीनला जगभर हॅकिन्टॉश म्हणतात. मला त्याचं वेड आहे, आणि त्यामागे पैसे वाचवण्याचा हेतू नाही. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत कॉम्प्युटरच्या पोटात काय घडतं, हे हॅकिन्टॉश अडला की जितकं लख्ख दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठंच दिसलेलं नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. मॅकओएस फक्त ॲपलच्याच कॉम्प्युटरवर टाकायचं, अशी त्याच्या परवान्यात अट आहे. २००८ साली फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने तयार हॅकिन्टॉश उघड विकायला काढले. ॲपलने त्याच वर्षी जुलैमध्ये दावा लावला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. तेव्हा गिऱ्हाइकाला करून देण्याचा हा माल नव्हे. लग्नाचे व्हिडिओ फायनल कट प्रोवर एडिट करणारा असो, नाहीतर मिरजेच्या तंबोऱ्याचा सूर लॉजिक प्रोमध्ये रेकॉर्ड करणारा असो, ज्याचं पोट मॅकवर आहे त्याने खराच मॅक घ्यावा.

ही शक्यता मुळात निर्माण झाली ६ जून २००५ रोजी. त्या दिवशी स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर केलं की मॅकमधले पॉवरपीसी प्रोसेसर जाणार आणि इंटेलचे येणार. जानेवारी २००६ मध्ये पहिला इंटेल आयमॅक आला. तेव्हापासून मॅकच्या आणि आपल्या कॅबिनेटच्या पोटात एकाच घराण्याचा प्रोसेसर बसू लागला. रॅम त्याच जातीची, यूएसबी तीच, कार्डाचा स्लॉट तोच. मग आपण परक्या घरात आलोय हे मॅकओएसला कळतं कशावरून?

बोर्डावर एक लहानशी चिप असते. तिच्यात फर्मवेअर असतं, ज्याला आपण अजून बायोसच म्हणतो. बटण दाबलं की ते जागं होतं, रॅम तपासतं आणि रॅममध्ये काही तक्ते मांडून ठेवतं. या बोर्डावर कोणकोणती साधनं आहेत, कुठे आहेत, चालू आहेत की बंद, झोपवायची कशी, उठवायची कशी, हे सगळं त्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. या पद्धतीला एसीपीआय म्हणतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ती डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर केली. मुख्य तक्ता तो डीएसडीटी, त्याच्या पुरवण्या त्या एसएसडीटी. माझ्या लेखी हा बोर्डाचा सातबारा आहे. जमीन डोळ्यांसमोर पसरलेली असली तरी उताऱ्यावर नोंद नसेल तर सरकारदरबारी ती नसते. तसंच इथे आहे. चिप बोर्डावर सोल्डर केलेली असेल, तिला वीजही मिळत असेल, पण तक्त्यात ‘बंद’ असा शेरा असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबी ती नाहीच.

याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे घड्याळ. बोर्डावर बटणाएवढा सेल असतो, त्याच्यावर चालणारं हे घड्याळ १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमधल्या मोटोरोलाच्या चिपचा थेट वंशज आहे. मॅकओएसला हेच जुनं घड्याळ ठाऊक आहे. २०१८ च्या सुमारास इंटेलच्या ३०० मालिकेच्या बोर्डांवर एडब्ल्यूएसी नावाचं नवं घड्याळ आलं. बोर्ड करणाऱ्यांनी जुनं काढून टाकलं नाही. तक्त्यात दोन्हींची नोंद ठेवली आणि एसटीएएस नावाचा एक आकडा ठेवला. तो एक असेल तर जुनं घड्याळ चालू दिसतं, नसेल तर नवं. विंडोजला नवं कळतं, म्हणून बोर्ड बाहेर पडतो तो नवं चालू ठेवून. आता मॅकओएस येतं, जुनं घड्याळ शोधतं, शेरा वाचतं ‘बंद’, आणि तिथंच उभं राहतं. पडदा गोठतो. कुणाला वाटतं बोर्ड गेला, कुणाला वाटतं रॅम गेली. प्रत्यक्षात सेल भरलेला असतो, घड्याळ टिकटिकत असतं, वेळही बरोबर असते.

उपाय काय, तर चार ओळींची पुरवणी. चालू होणारी सिस्टिम डार्विन असेल तर एसटीएएस एक कर, एवढंच तिच्यात लिहायचं. डार्विन हे मॅकओएसच्या गाभ्याचं नाव. विंडोज सुरू केलं तर ही अट लागूच होत नाही, त्याला आपलं नवं घड्याळ मिळतं. पेचकस न लावता, एक तार न हलवता मेलेलं वाटणारं मशीन पुढे सरकतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो तक्ताच वाचत बसलो होतो.

ही पुरवणी जोडण्याचं काम ओपनकोअर नावाचा प्रोग्रॅम करतो. आधी कमेलिअन होता, मग क्लोव्हर आला, आणि २०१९ पासून ॲसिडँथेरा या गटाचं ओपनकोअर. डिस्कच्या एका कोपऱ्यात ईएफआय नावाचं छोटं पार्टिशन असतं, ते तिथे राहतं. फर्मवेअर जागं झाल्यावर आणि मॅकओएस सुरू होण्याआधी, या दोघांच्या मधल्या काही क्षणांत ते आपलं सगळं काम उरकतं. पुरवण्या जोडतं, हे मशीन अमुक मॉडेलचं आहे अशी ओळख मांडतं, लागतील ते ड्रायव्हर कर्नेलच्या हाती देतं. डिस्कवरच्या मॅकओएसमधलं एक अक्षरही ते बदलत नाही. सगळ्या सूचना कॉन्फिग-पीलिस्ट या एका फाइलमध्ये असतात. हॅकिन्टॉश बिघडला म्हणजे बहुतेक वेळा ही फाइल आणि तुमचा बोर्ड यांचं कुठेतरी जमलेलं नसतं. म्हणून दुसऱ्याची तयार फाइल उचलून आपल्या मशीनवर टाकू नये, असं मी कळकळीने सांगतो. त्याचा बोर्ड वेगळा, त्याचे तक्ते वेगळे.

स्लॉटमध्ये खोचलेली कार्डं मात्र तक्त्याची वाट बघत नाहीत, ती आपली ओळख स्वतःच सांगतात. प्रत्येक कार्डावर दोन आकडे कोरलेले असतात, एक कंपनीचा, एक वस्तूचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे, १९७८ साली निघालेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचा. मॅकओएसमधल्या प्रत्येक ड्रायव्हरजवळ अशा आकड्यांची यादी असते, आकडा जुळला की तो पुढे होतो. आता ही गंमत बघा. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डाचा आकडा ७३एफएफ. आरएक्स ६६५० एक्सटी याचा ७३ईएफ. दोन्हींच्या आत नावी २३ हीच चिप. पण यादीत पहिला आकडा आहे आणि दुसरा नाही, म्हणून ६६५० एक्सटीला मॅकओएस ओळख दाखवत नाही. ओपनकोअरमध्ये ७३ईएफच्या जागी ७३एफएफ सांगितलं की तेच कार्ड पूर्ण ताकदीने चालू लागतं. एका अक्षराचा फरक. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना मात्र असं काही सांगून उपयोग नाही, कारण त्यांच्यासाठी ड्रायव्हरच नाही. ओळख दिली तरी काम करणारा कुणीतरी लागतोच.

मग येतो एसएमसी. इंटेल मॅकमधला हा छोटा नियंत्रक पंख्यांचा वेग, तापमान, पॉवरचं बटण यांच्याकडे बघतो. पण ॲपलने त्याच्यात ६४ अक्षरांचा एक इंग्रजी मजकूरही ठेवलाय, ३२-३२ अक्षरांच्या दोन तुकड्यांत. आमची मेहनत या शब्दांच्या राखणीत आहे, कृपा करून चोरू नका, असा त्याचा आशय. आणि हा मजकूर म्हणजेच किल्ली. फाइंडर, डॉक अशा काही प्रोग्रॅमचा गाभा कुलूपबंद असतो, तो या किल्लीने उघडतो. उघडणाऱ्या कर्नेल एक्स्टेन्शनचं नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असं आहे. हॅकिन्टॉशमध्ये व्हर्च्युअलएसएमसी नावाचं एक्स्टेन्शन या नियंत्रकाची नक्कल करतं. कोट्यवधी ट्रान्झिस्टरांच्या मधोमध कुणा इंजिनिअरने माणसाने माणसाला करावी तशी विनंती लिहून ठेवली, याचं मला फार अप्रूप आहे. ती वाचली की परवान्याची अट नुसती कायद्याची बाब राहत नाही.

यूएसबीचं प्रकरण चिकाटीचं आहे. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्टच मोजतं. कॅबिनेटवर तर आठ-दहाच भोकं दिसतात, मग अडचण कुठे? तर निळ्या भोकात दोन पोर्ट असतात. जुन्या वेगाच्या पिना वेगळ्या, नव्या वेगाच्या वेगळ्या, आणि तक्त्यात दोन्हींची स्वतंत्र नोंद. शिवाय ब्लूटूथ कार्डाचा आतला पोर्ट, आणि बोर्डावर नुसत्या पिना असलेले, ज्यांना काही जोडलेलंच नाही असेही. बेरीज वीस-पंचवीसवर जाते आणि पंधराच्या पुढचे मॅकओएस सोडून देतं. म्हणून एकेका भोकात आधी जुन्या वेगाचा, मग नव्या वेगाचा पेन ड्राइव्ह घालायचा, पडद्यावर कोणतं नाव उजळतं ते वहीत लिहायचं, आणि हवे ते पंधरा निवडून नकाशा करायचा. तासभर जातो. पण ‘स्लीपमध्ये टाकलं की लगेच उठतं’ ही तक्रार पुष्कळदा या नकाशानेच मिटते.

अडलेलं मशीन दुरुस्त करण्याची किल्ली अगदी साधी आहे. बूटच्या सूचनांमध्ये ‘-व्ही’ लिहायचं. मग सफरचंदाच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागतात. शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि शांतपणे वाचायचा. रूट डिव्हाइसची वाट बघतोय अशी ओळ वारंवार येत असेल तर ज्या डिस्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचं तीच सापडत नाहीये, म्हणून पेन ड्राइव्ह दुसऱ्या भोकात घालून बघायचा. ‘एक्झिट-बीएस’ असं लिहिलेल्या ओळीवर थांबलं तर ताबा फर्मवेअरकडून कर्नेलकडे जाताना गोंधळ झालाय. तेव्हा ओपनकोअरच्या मेमरीच्या सूचना आणि बायोसमधली सीएफजी लॉक नावाची सेटिंग बघायची. ज्यांचा हात सीएनसीवर बसलाय त्यांना हे लवकर जमतं, कारण अलार्मचा नंबर वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही ही सवय त्यांना असतेच. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. दर वेळी वेगळ्याच जागी अडत असेल तर मात्र कॉन्फिगचा नाद सोडून रॅम आणि एसएमपीएस तपासावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळ्यात आधी अर्थिंग.

हा रस्ता आता संपत आलाय. २२ जून २०२० रोजी ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरकडे जाण्याची घोषणा केली. एम-मालिकेच्या मॅकमध्ये आपल्या बोर्डांसारखं यूईएफआय फर्मवेअर नाही, एसीपीआयचे तक्तेही नाहीत. तिथला उतारा ॲपलचंच फर्मवेअर लिहितं आणि ॲपलचंच कर्नेल वाचतं, मध्ये शिरायला जागा नाही. जून २०२५ मध्ये जाहीर झालेलं मॅकओएस टाहो हे इंटेलवर चालणारं शेवटचं, आणि तेही इंटेल मॅकच्या चारच मॉडेलांवर. त्यात ॲपलने जुना ॲपलएचडीए हा ऑडिओ ड्रायव्हरही काढून टाकला, त्यामुळे अनेक हॅकिन्टॉशच्या मागच्या हिरव्या भोकातून येणारा आवाज बंद झाला आणि लोकांना यूएसबी साउंड कार्ड लावावं लागलं. हॅकिन्टॉशवर खर्च करून नवं मशीन बांधावं असं मी आज कुणालाही सांगणार नाही. शिकायचं असेल तर मात्र आठव्या ते दहाव्या पिढीतलं इंटेलचं जुनं मशीन आणि एक रिकामी एसएसडी पुरे.

आणि मॅकओएस टाकायचं नसेल तरी आपल्या मशीनचा उतारा एकदा काढून बघाच. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, एखाद्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली हार्डवेअर आयडी निवडा, कंपनीचा आणि वस्तूचा आकडा समोर येईल. पुढे जाऊन डीएसडीटी वाचायचा असेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि एसीपीआयडम्प व आयएएसएल ही साधनं वापरा. दोन्ही मोफत आहेत, आणि तुमच्या डिस्कवरच्या कशालाही धक्का लागत नाही.