चौदा अंक आणि सत्तावीस पाडे

गोरेगाव पूर्वेला १९४९ साली दुग्ध वसाहत म्हणून वसवलेल्या आरे कॉलनीत, तबेल्यांतील शेणाचा आणि ओल्या गवताचा वास मागे टाकून आत गेले की वारली, मल्हार कोळी आणि कोकणा कुटुंबांचे पाडे लागतात. त्यांची संख्या २७ सांगितली जाते. डिजिटल आरोग्यसेवा या पाड्यांपर्यंत बहुधा रुग्णाच्या मोबाईलवरून नव्हे, तर आरोग्य सेविकेच्या पायांनी पोहोचते.

वजन, रक्तदाब, लसीकरण आणि क्षयरोगाची औषधे यांच्या नोंदी हा तिचा नित्याचा क्रम आहे. काम अडते ते 'आभा' काढताना. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील हा १४ अंकी आरोग्य-क्रमांक असून, रुग्णाच्या संमतीने त्याचे जुने अहवाल कोणत्याही दवाखान्यात पाहता यावेत, हा त्याचा हेतू आहे. तो काढताना बहुधा आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक येतो; परंतु तो मोबाईल कामावर गेलेल्या नवऱ्याच्या खिशात असेल किंवा जोडलेला नंबरच बंद पडला असेल, तर बाई दारात उभी असूनही तिची नोंद होत नाही आणि त्या १४ अंकांसाठी सेविकेला पुन्हा यावे लागते.

२०१९ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुरू केलेल्या 'ई-संजीवनी'त रुग्ण घरूनही डॉक्टरांशी बोलू शकतो आणि आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यामार्फतही त्याला तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते, मात्र आरोग्य कर्मचाऱ्याने संपर्क साधल्यास ती स्पष्टपणे घ्यावी लागते. म्हणजे समजावून सांगण्याची जबाबदारीही पुन्हा सेविकेवरच येते. रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाचा एक खाडा या सल्ल्यामुळे वाचू शकतो, ही मोलाची गोष्ट आहे. सर्पदंश झालेल्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला मात्र वाहन आणि रुग्णालयच हवे.

ही साधने आवश्यक आहेत, परंतु २७ पाड्यांत ती चालतात ती सेविकेच्या श्रमावर. म्हणून डिजिटल आरोग्याच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्या आधी तिचे मानधन, तिचा मोबाईल आणि त्याचे रिचार्ज यांची तरतूद झाली पाहिजे.