‘टेनेसी वॉल्ट्झ’: तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं

१९५० च्या नाताळाच्या तोंडावर अमेरिकेतल्या मर्क्युरी कंपनीला सणासुदीची एक तबकडी बाजारात आणायची होती. गाणं ‘बूगी वूगी सांता क्लॉज’, गायिका पॅटी पेज. तबकडीची दुसरी बाजू रिकामी सोडता येत नाही, म्हणून तिथे मंद लयीचं एक गाणं घातलं. नाताळ सरला, सांता क्लॉजला कुणी विचारेनासं झालं, आणि मागच्या बाजूचं ‘टेनेसी वॉल्ट्झ’ मात्र ज्यूकबॉक्समधून हलेना. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते ३० आठवडे टिकलं, त्यातले काही आठवडे पहिल्या क्रमांकावर. कंपनीने पुढे सांता क्लॉज काढून त्या जागी दुसरंच गाणं घातलं.

हे गाणं मुळात पॉपचं नव्हतं. त्याचा जन्म १९४६ मधला, तोही रस्त्यावरचा. पी वी किंग आणि त्याच्या ‘गोल्डन वेस्ट काउबॉइज’ या वादकसंचातला गायक रेड स्ट्युअर्ट सामानाच्या ट्रकमधून नॅशव्हिलला निघाले होते. रेडिओवर बिल मन्रोचं ‘केंटकी वॉल्ट्झ’ लागलं. केंटकीवर वॉल्ट्झ आहे, मग टेनेसीवर का नसावा, असा विषय निघाला. संचाकडे ‘नो नेम वॉल्ट्झ’ नावाची, शब्द नसलेली एक धून होतीच. स्ट्युअर्टने त्या धुनेवर शब्द बसवले आणि हाताशी कागद नव्हता म्हणून काडेपेटीच्या वेष्टनावर लिहून काढले.

चालीमागचा माणूसही लक्षात ठेवण्याजोगा आहे. किंग दक्षिणेतला नव्हेच. तो उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पोलिश वंशाच्या घरातला. आडनाव कुचिन्स्की, वाद्य अकॉर्डियन, आणि कान तयार झालेला पोल्का आणि वॉल्ट्झ या युरोपीय नाचांवर. आपल्याकडे दादऱ्यात एकामागून एक तीन-तीन मात्रांची झुलती चाल असते, तसाच वॉल्ट्झचा तीन मात्रांचा फेरा. म्हणजे ज्याला सगळे अस्सल दक्षिणी गावरान गाणं म्हणत, त्याचा ताल स्थलांतरितांच्या नाचघरांतून आलेला होता.

गोष्ट अगदी छोटी आहे. नाच चालू आहे. गाणारी व्यक्ती आपल्या प्रिय माणसाची ओळख एका जुन्या मित्राशी करून देते. आणि ते दोघं नाचत असतानाच तो मित्र त्या माणसाला घेऊन जातो. सगळा दोष त्या रात्री वाजत असलेल्या सुरावटीवर येतो. गंमत अशी, की ज्या वॉल्ट्झने घात केला तो गाण्यात कुठेच ऐकू येत नाही. आपण ऐकतो ती केवळ त्याची आठवण. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत, गावाचं वर्णन नाही. त्यामुळे हे शब्द शेतावरच्या माणसाच्या तोंडी शोभतात, तसेच न्यूयॉर्कच्या क्लबातही.

गाणं पुढे सरकलं ते प्रकाशकामुळे. रॉय अकफ आणि फ्रेड रोझ यांनी १९४२ मध्ये नॅशव्हिलमध्ये ‘अकफ-रोझ’ ही प्रकाशन संस्था काढली होती. तोवर गीतांचे हक्क सांभाळणारी मोठी दुकानं न्यूयॉर्कला. फ्रेड रोझने गाण्याच्या मधल्या कडव्यातली एक ओळ बदलून ते नीटस केलं आणि हक्क नोंदवले. १९४८ मध्ये किंगची तबकडी आली. पाठोपाठ त्याच्याच संचातून बाहेर पडलेल्या काउबॉय कोपासची आली. दोन्ही ‘कंट्री’च्या, म्हणजे गावरान गाण्यांच्या यादीत वर गेल्या, आणि तिथेच थांबल्या.

यादीचं कुंपण ओलांडलं ते एका कृष्णवर्णीय वादकसंचाने. अलाबामाचा ट्रम्पेटवादक अर्स्किन हॉकिन्स याने १९५० मध्ये हेच गाणं आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केलं. ते जेरी वेक्सलरच्या कानावर पडलं आणि त्याने पॅटी पेजचा व्यवस्थापक जॅक रेल याला सुचवलं. वेक्सलर तेव्हा ‘बिलबोर्ड’मध्ये होता. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीला १९४९ मध्ये ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव मिळालं ते त्याच्याच सूचनेवरून. ज्याने एका खान्याला नाव दिलं, त्यानेच एक गाणं उचलून तीन खान्यांत फिरवलं.

पॅटी पेज मूळची ओक्लाहोमाची क्लारा अ‍ॅन फाउलर. तल्सातल्या रेडिओ केंद्रावर एका दूध कंपनीच्या प्रायोजित कार्यक्रमात ती गायची; कंपनीचं नाव ‘पेज’, तेच तिला चिकटलं. तिच्या ‘कन्फेस’ या गाण्याच्या वेळी साथीच्या गायकांसाठी पैसे नव्हते. तेव्हा शिकागोतले ध्वनिमुद्रक बिल पटनम यांनी तिचाच आवाज तिच्या आवाजावर चढवला. ‘टेनेसी वॉल्ट्झ’मध्येही हीच युक्ती आहे: एकच बाई स्वतःच्या जोडीने गाते. दुःख एकटीचं आणि जोडीला सूर स्वतःचाच; काटकसरीतून निघालेली युक्ती इथे अर्थाला येऊन भिडली.

मग सगळेच धावले. लेस पॉल आणि मेरी फोर्ड, जो स्टॅफर्ड, गाय लोम्बार्डो, प्रत्येकाची तबकडी आली आणि खपली. प्रत्येक प्रतीमागे पैसा नॅशव्हिलला जात होता. न्यूयॉर्कच्या कंपन्या आता अकफ-रोझच्या कपाटाकडे वळल्या. १९५१ मध्ये हँक विल्यम्सचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ टोनी बेनेटने गायलं आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. नॅशव्हिल पुढे संगीताची राजधानी झालं. त्याच्या पायाभरणीत या तीन मात्रांचा वाटा मोठा आहे.

१९५२ च्या आरंभी, जपान अजून अमेरिकी ताब्यात असताना, चिएमी एरी या अमेरिकी तळांवर गाणाऱ्या किशोरवयीन मुलीने ते जपानी आणि इंग्रजी मिसळून गायलं आणि ती रातोरात प्रसिद्ध झाली. टेनेसीने १९६५ मध्ये त्याला राज्यगीताचा मान दिला. राज्याच्या डोंगर-नद्यांचा उल्लेखही नसलेलं प्रेमभंगाचं गाणं राज्यगीत होणं ही विरळा गोष्ट. सॅम कुक आणि ओटिस रेडिंग यांनी ते पुन्हा कृष्णवर्णीय गायकीत नेलं.

या प्रवासात चाल आणि गोष्ट तीच राहिली. बदलले ते गाणारे, वाद्यं आणि विकणाऱ्यांनी लावलेली पाटी. म्हणून ‘कंट्रीचं गाणं पॉप झालं’ हे विधान मला अर्धंच खरं वाटतं. गाण्याला जात नसते. ती दुकानदार आणि याद्या देतात, आणि पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या कातडीचा रंग बघून देतात. पटत नसेल तर किंगची १९४८ ची, पेजची १९५० ची आणि रेडिंगची १९६६ ची, अशी तीन ध्वनिमुद्रणं ओळीने ऐका. दहा-बारा मिनिटांचं काम आहे.