गच्चीवरून गुरू : ग्रहांच्या छायाचित्रणाविषयी थोडेसे

आकाशनिरीक्षणाचा छंद म्हटला की शहरापासून दूर, दिव्यांचा मागमूस नसलेले एखादे माळरान डोळ्यांपुढे येते. तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्या बाबतीत ते योग्यच आहे. ग्रहांची गोष्ट मात्र वेगळी आहे. गुरू, शुक्र, शनी, मंगळ हे इतके तेजस्वी आहेत की रस्त्यावरील दिव्यांचा त्यांच्या छायाचित्रणास फारसा उपद्रव होत नाही. रायपूरच्या चौबे कॉलोनीसारख्या भर वस्तीतील घराची गच्चीही या कामाला पुरते. महाराष्ट्र मंडळामुळे ही वसाहत रायपुरातील मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाची आहे. कोजागरीला जी मंडळी गच्चीवर जमतात, त्यांच्या सोबतीला एखादी लहानशी दुर्बीण आली तर तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम आकाराचा विचार करू. पंचांगामुळे अंश, कला, विकला ही मापे आपल्याला अपरिचित नाहीत. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास सुमारे १,८०० विकला दिसतो. ग्रहांचा राजा म्हणवला जाणारा गुरू फार तर ५० विकला भरतो, शनीचा गोल २० विकलांच्या आसपास, आणि मंगळ एरवी दहा विकलांच्याही आत असून एखाद्या अनुकूल वर्षी पंचवीस विकलांपर्यंत जातो. म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीत छत्तीस गुरू शेजारी शेजारी बसतील. एवढ्याशा ठिपक्यातील पट्टे, तांबडा डाग किंवा शनीच्या कड्यांमधील कॅसिनीची फट टिपायची असते.

दुर्बिणीला किती बारीक तपशील दिसेल हे तिच्या वस्तुभिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. ११६ या संख्येला मिलिमीटरमधील व्यासाने भागले की तिची मर्यादा विकलांमध्ये मिळते, असा डॉझ यांचा जुना नियम आहे. १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंची दुर्बिणीसाठी हे उत्तर ०.७७ विकला येते. त्यामुळे दुकानातील खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, त्याला भुलून बचतीतील पैसे खर्च करू नयेत. व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेले तर प्रतिमा मोठी होते, स्पष्ट होत नाही. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट ही जवळजवळ अखेरची सीमा आहे. मुलांसाठी पहिली दुर्बीण घेणाऱ्या पालकांनी एवढे एक गणित केले तरी पुष्कळ निराशा टळेल.

खरा अडथळा मात्र दुर्बिणीत नसतो, हवेत असतो. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना आपण पाहतो. तशीच थरथर आपल्या आणि ग्रहाच्या मध्ये सतत चालू असते आणि तिच्यामुळे प्रतिमा एक-दोन विकलांइतकी पुसट होते. फिल्मच्या काळात ग्रहाच्या छायाचित्रासाठी कित्येकदा काही सेकंद पडदा उघडा ठेवावा लागे. तेवढ्या वेळात प्रतिमा अनेकदा डोलून जाई आणि हाती धुरकट गोळा लागे. सन २००० च्या सुमारास संगणकाला जोडण्याचे साधे वेबकॅम बाजारात आले. हौशी मंडळींनी त्यांची भिंगे काढून ते नेत्रिकेच्या जागी बसवले, आणि या छंदाचा कायापालट झाला.

या पद्धतीमागील विचार सोपा आहे. हवा सतत थरथरते खरी, पण मधूनच सेकंदाच्या शतांशापुरती ती स्थिर होते. म्हणून एक लांब छायाचित्र घेण्याऐवजी चलचित्रण करून हजारो क्षणचित्रे घ्यावीत, संगणकाकडून त्यांतील स्पष्ट तेवढी निवडून घ्यावीत, ती अचूक एकावर एक बसवावीत आणि त्यांची सरासरी काढावी. दर सेकंदास ६० याप्रमाणे तीन मिनिटांत १०,८०० क्षणचित्रे मिळतात. त्यांतील उत्तम दोन हजार ठेवली तर एकेका चित्रातील रवाळपणा सरासरीत सुमारे ४५ पटींनी कमी होतो, कारण ही सुधारणा संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे होते. बँकेच्या वाचकांना येथे आवर्ती ठेवीची आठवण होईल. फरक इतकाच की येथे पाचापैकी चार हप्ते आपण स्वतःच फेकून देतो आणि तरीही फायद्यात राहतो. निवड आणि जुळणी करणारी ‘ऑटोस्टॅकर्ट’ आणि ‘रेजिस्टॅक्स’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते.

या पद्धतीचे मराठी मुलखातील गाजलेले उदाहरण ग्रहाचे नसून चंद्राचे आहे. पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने मे २०२१ मध्ये घरूनच चंद्राचे चित्रण केले. चंद्रपृष्ठाच्या एकेका लहान भागाची चलचित्रे घेऊन, प्रत्येकाची सरासरी काढून, ते सर्व तुकडे त्याने गोधडीसारखे जोडले. पन्नास हजारांहून अधिक क्षणचित्रे आणि सुमारे १८६ जीबी माहिती यांतून एकच चित्र सिद्ध झाले. चित्रणास चारएक तास लागले, तर संस्करणास ३८ ते ४० तास. हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी हा छंद जोपासला. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना तशी संस्था जवळ असेलच असे नाही, परंतु या कामाला लागणारी साधने आता कोठेही मिळू शकतात.

ग्रहांच्या बाबतीत आणखी एक बंधन येते. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. त्याचे बिंब ४६ विकलांचे असता मध्यभागावरील तपशील दर मिनिटास जवळजवळ पाव विकला सरकतो. तीन मिनिटांत हे सरकणे सहा इंची दुर्बिणीच्या मर्यादेला येऊन भिडते. त्याहून लांब चित्रण केल्यास ग्रह स्वतःच आपले चित्र पुसू लागतो. मंगळ २४ तासांहून थोड्या अधिक काळात फिरतो, आणि त्याचे बिंबही लहान असते, त्यामुळे तेथे घाई कमी असते.

आता रायपूरच्या जागेविषयी. शहराचा अक्षांश सुमारे २१.२५ अंश उत्तर आहे. ग्रह क्रांतिवृत्ताच्या आसपास फिरत असल्याने ते मध्यमंडल ओलांडताना येथे सहसा ४५ अंशांच्या खाली नसतात. २०१८ मध्ये शनी दक्षिणेकडे खूप कलला होता. तेव्हा लंडनहून तो क्षितिजावर जेमतेम १६ अंश चढत होता आणि रायपूरहून ४६ अंश. क्षितिजालगतच्या ग्रहाचा प्रकाश तिपटीहून अधिक जाडीच्या हवेतून येतो आणि लोलकातून आल्याप्रमाणे त्याची एक कड निळी व दुसरी तांबडी होते. म्हणूनच इंग्लंडमधील नामवंत ग्रहछायाचित्रकार डॅमियन पीच दुर्बीण घेऊन बार्बाडोसला गेले होते. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीच्या वेळी गुरू मिथुन राशीत आणि त्याची क्रांती सुमारे २२ अंश उत्तर. म्हणजे रायपूरच्या माथ्यापासून अंशभर अंतरावरून त्याचा मार्ग. परदेशातील निरीक्षक ज्यासाठी विमानाने प्रवास करतात ते येथे जिना चढून मिळते! (अगदी डोक्यावरच्या ग्रहाकडे साध्या बैठकीची दुर्बीण वळवणे कष्टाचे असते, म्हणून तासभर आधी किंवा नंतर चित्रण करावे, हे जाता जाता सांगितलेले बरे.)

सिलतरा आणि उरला या औद्योगिक भागांमुळे रायपूरच्या हवेत धूळ असते, ही तक्रार खरी आहे. पण धुळीने ग्रह थोडा मंद होतो, अस्पष्ट होतोच असे नाही. धुरकट, निवांत रात्री प्रतिमा कित्येकदा स्वच्छ पण वादळी हवेच्या रात्रीपेक्षा स्थिर मिळते. अधिक त्रास होतो तो काँक्रीटच्या गच्चीचा. दिवसभर साठवलेली उष्णता ती मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवून तिचा आरसा निवू द्यावा, शेजारच्या स्लॅबच्या थेट वरून नेम धरू नये आणि शक्य तर उत्तररात्रीची वाट पाहावी. मोसमी पाऊस सरल्यानंतरच्या रात्री या कामाला विशेष अनुकूल.

साधनांचा पसारा मोठा लागत नाही. सहा किंवा आठ इंची परावर्तक दुर्बीण, दुपटीचे बार्लो भिंग, ग्रहांसाठीचा लहान कॅमेरा आणि एक संगणक. १,२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला हे भिंग लावल्यास ३.७५ मायक्रॉनच्या चित्रबिंदूंवर गुरू सुमारे १४० बिंदूंचा होतो. ऐकताना हे फारच थोडे वाटेल, पण सहा इंची दुर्बिणीला दिसणारा बहुतेक तपशील त्यात मावतो. मोटार नसेल तर गुरू अर्ध्या मिनिटात चौकटीबाहेर जातो. मग छोटे छोटे तुकडे घेत राहावे लागते. सुरुवात तर भ्रमणध्वनी नेत्रिकेशी धरूनही करता येते. गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी त्यावरही येतात. सूर्याकडे मात्र योग्य गाळणीशिवाय दुर्बीण कधीही वळवू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते.

शेवटचे काम संगणकावरील धार लावण्याचे, आणि तेथेच खरा संयम लागतो. सरासरी काढलेले चित्र मऊ असते. प्रणालीतील कळ थोडी पुढे सरकवली की पट्टे उठून दिसतात, आणखी सरकवली की नसलेल्या रेघा उमटू लागतात. मंगळाच्या कडेला तर अशाने खोटी दुहेरी कड हमखास तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्सिव्हल लोवेल यांना मोठ्या दुर्बिणीतूनही मंगळावर कालवे दिसले होते. ते तेथे नव्हते. आज काही भ्रमणध्वनी चंद्र ओळखून त्याच्या चित्रात आपल्या पदरचा तपशील भरतात. असे चित्र सुंदर असेल, पण त्या रात्री आकाशात काय होते याचा तो पुरावा नव्हे. तीच वस्तू दहा मिनिटांनी पुन्हा टिपावी. दोन्ही चित्रांत जो डाग ग्रहाबरोबर सरकलेला दिसेल तो ग्रहाचा, जो जागीच राहील तो आपल्या कॅमेऱ्यातला धूलिकण.

ही शिस्त पाळलेल्या चित्रांची शास्त्रज्ञही दखल घेतात. फिलिपाइन्समधील सेबू शहरात फर्निचरचा व्यवसाय करणारे क्रिस्टोफर गो यांना फेब्रुवारी २००६ मध्ये गुरूवरचा एक पांढरा अंडाकृती डाग तांबडा झाल्याचे आढळले. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. तो ग्रहाबरोबर फिरत होता. कोणतीतरी वस्तू गुरूवर आदळली असल्याचे पुढे हवाईमधील मोठ्या दुर्बिणीने निश्चित केले. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या चमूनेही हौशी निरीक्षकांची चित्रे मागवली. मोठ्या वेधशाळांना एकाच ग्रहाकडे रोज पाहणे परवडत नाही. गच्चीवरच्या माणसाला ते जमते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने शनी हाती घ्यावा. २३ मार्च २०२५ रोजी त्याची कडी आपल्या दृष्टीने अगदी कडेवर आली होती. तेव्हापासून ती वर्षागणिक उघडत असून २०३२ मध्ये त्यांचा कल सुमारे २७ अंशांपर्यंत पोहोचेल. त्याच सुमारास शनीही उत्तरेकडे सरकलेला असेल आणि रायपुरात जवळजवळ डोक्यावरून जाईल. दरवर्षी प्रतियुतीच्या आसपास एक चित्र, त्याच दुर्बिणीने, त्याच गच्चीवरून, तारीख आणि वेळ लिहून ठेवले, तर तोवर कड्यांच्या उघडण्याची सबंध मालिका घरच्या संग्रहात जमलेली असेल.