वीज गेल्यावर मोबाइल किती वेळ तग धरतो?

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल रुळांवरच थांबल्या. बेस्टची वीज घेणाऱ्या, दक्षिण मुंबईतल्या ठाकूरद्वारसारख्या भागात दिवे जाणे इतके दुर्मीळ, की घरोघरी इन्व्हर्टर नसतो. चाळीच्या एका खोलीत त्याच्या अवजड बॅटरीला जागा तरी कुठली! त्यामुळे भिस्त पॉवर बँकेवर.

तिच्यावर छापलेला 10,000 एमएएच हा आकडा मात्र फसवा. तो आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ऊर्जा 37 वॉट-तास. बाहेर 5 व्होल्ट देताना काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि हाती साधारण 6,000 ते 6,500 एमएएच उरतात. मोबाइलचा सेलही 5 व्होल्टपेक्षा कमी व्होल्टचा असल्याने 5,000 एमएएचचा मोबाइल त्यावर जेमतेम दीड वेळा भरतो.

भरलेला लॅपटॉप हीसुद्धा एक पॉवर बँकच. 50 वॉट-तासांच्या बॅटरीतून मोबाइल दोनदा भरता येतो. वायफायच्या राउटरला बहुधा 12 व्होल्ट लागतात, म्हणून त्याला छोटा डीसी यूपीएस जोडावा.

टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांनी संपतात. मग मोबाइल सिग्नल शोधण्यातच चार्जिंग उडवतो. अशा वेळी एअरप्लेन मोड बरा. कपाटात पडून राहिलेली पॉवर बँक हळूहळू उतरते, ती दर दोन-तीन महिन्यांनी भरावी. फुगलेली असेल, तर चार्जिंगला न लावता ई-कचऱ्यात द्यावी.