मोरपंखी झळाळीचे दागिने : समुद्री गोगलगाईच्या कवचात इतके रंग येतात कुठून?

इन्स्टाग्रामवर निळ्या-हिरव्या, मोरपिसासारख्या झळाळणाऱ्या कानातल्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. खाली लिहिलेलं असतं ‘ॲबलोन शेल’. ॲबलोन ही समुद्री गोगलगाय आहे. तिचं कवच पसरट, कानाच्या आकाराचं असतं. न्यूझीलंडचे माओरी लोक तिथल्या ॲबलोनला ‘पावा’ म्हणतात आणि लाकडी मूर्तींचे डोळे त्याच्या तुकड्यांनी मढवतात.

रंग येतो कसा?

कवचाच्या आतल्या थराला ‘मदर ऑफ पर्ल’ म्हणतात. मोतीही याच पदार्थाचा बनतो. यात कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म चकत्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे प्रथिनांचा पातळ थर असतो. एका चकतीची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे जवळपास प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी. वेगवेगळ्या थरांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग उठून दिसतात, काही पुसले जातात. म्हणून दागिना हलवला की रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही असेच.

हे पाहायला समुद्रावरच जायला हवं असं नाही. नागपूरजवळ कन्हान नदीच्या वाळूत रिकामा शिंपला सापडला, तर त्याची आतली बाजू उन्हात धरून बघा. झळाळी फिकी असेल, पण रचना तीच.

खरेदीआधी काय पाहाल?

- कायदा : ‘टर्बो मार्मोरॅटस’ आणि ‘ट्रोकस निलोटिकस’ या अंदमानात आढळणाऱ्या गोगलगायींचं कवचही असंच चमकतं. बटणं आणि दागिन्यांसाठी त्यांची बेसुमार पकड झाली. 2001 मध्ये भारताने त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घेतलं. त्यांचा बेकायदा व्यापार हा गुन्हा आहे. त्यामुळे कवच कोणत्या प्रजातीचं आहे, हे विक्रेत्याला विचारा आणि बिल घ्या.
- खरं की नकली : खरं कवच हाताला गार लागतं आणि त्याची दोन तुकड्यांवरची नक्षी हुबेहूब सारखी नसते. प्लास्टिक हलकं असतं आणि लवकर कोमट होतं.
- काळजी : कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. लिंबू, व्हिनेगर लावून दागिना घासू नका. परफ्युम आधी मारा, दागिना नंतर घाला. ओल्या मऊ कापडाने पुसलं तरी पुरे.