एका चुलीपुढच्या दोघी जावा

किकवीत आमचं घर महामार्गाला लागून. तिथल्या स्वयंपाकघरात आई आणि थोरली काकू, दोघी जावा, पस्तीस वर्षं एकाच चुलीपुढे बसल्या. ओली लाकडं, गोवऱ्या, फुंकणी आणि डोळ्यांना लावलेला पदर. विडीला दोघींनीही कधी हात लावला नाही. आई सत्तरीतही भरला हंडा उचलायची; काकूला पन्नाशीतच चार पायऱ्या चढून दम खावा लागायचा. घरात यावर एकच उत्तर असे : "तिच्या माहेरालाच दमा आहे."

हे निम्मं खरं होतं; फुफ्फुसांचा दुबळेपणा रक्तातून येऊ शकतो. १९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन या संशोधकांना रक्ताच्या सुमारे १५०० नमुन्यांपैकी ५ नमुन्यांत एका प्रथिनाचा पट्टाच दिसला नाही. त्यातल्या तिघांची फुफ्फुसं तरुणपणीच निकामी होत होती. फुफ्फुसांची राखण करणारं ते प्रथिन, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, त्यांच्यात जन्मतःच कमी होतं. पण हा दोष आपल्याकडे फार दुर्मीळ. काकूचं उत्तर त्यात नव्हतं. २०१९ पर्यंत सीओपीडी या श्वास कोंडणाऱ्या जुनाट फुफ्फुसविकाराशी जोडलेल्या जनुकीय जागांची संख्या ८२ वर गेली. एकेकीचा वाटा अगदी थोडा, आणि तपासलेली माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. आमच्या मावळातल्या बायका त्या मोजणीत नाहीतच म्हणायच्या.

धुराचा हिशेबही उशिराच मांडला गेला. दवाखान्यात पहिला प्रश्न विडी-सिगारेटचाच असायचा. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुराशी जगातल्या सुमारे ३ अब्ज माणसांचा संबंध येतो. त्या लेखाचं मोल मला फार वाटतं. माहेरावर ठेवलेलं बोट त्याने चुलीकडे वळवलं. रक्तात काही कमी-जास्त असेलही, पण रोज दोन वेळचा धूर नसता तर ते बहुधा झाकलेलंच राहिलं असतं.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, तेव्हा आमच्याकडे गॅस होताच. काकूची स्पायरोमेट्री, म्हणजे श्वास मोजायची तपासणी, मात्र त्यानंतर झाली. नळी तोंडात धरून, "जोरात, अजून, अजून," असं तपासणी करणारा मुलगा सांगत होता. फुंकणीने पस्तीस वर्षं चूल पेटवलेल्या काकूला सहा सेकंद श्वास सोडत राहणं जमलं नाही.

सोबत तिची लेक होती. त्याच संध्याकाळी तिने परसातली, आंघोळीचं पाणी तापवायची चूल फोडली. फुंकणी तेवढी काकूने टाकू दिली नाही.