स्टेअरिंग तुटते तेव्हा: वेल्डिंगचा भरवसा आणि लोखंडाचा स्वभाव

आंबिया बहाराची संत्री निघू लागली की अचलपूर-परतवाड्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. त्याच दिवसांत वेल्डिंगच्या दुकानापुढे एखादा ट्रॅक्टर तिरका उभा दिसतो आणि मालक म्हणत असतो, “भाऊ, मारून दे ना एक टाका, माल भरून उभा आहे.” घाई खरी असते, नुकसानही खरे असते. ट्रॉलीचा फाळका तुटला असेल तर टाका मारून काम भागते. स्टेअरिंगचे तसे नाही, कारण तिथला टाका सुटला तर ट्रॅक्टर कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून या एका भागाबद्दलचे समज नीट तपासून घ्यायला हवेत.

हाताचा जोर आधी स्टेअरिंगच्या चाकातून आतल्या दांड्याला मिळतो. हा दांडा एका नळीतून, बुश किंवा बेअरिंगच्या आधाराने, खाली स्टेअरिंग बॉक्सपर्यंत जातो. बॉक्समधून ड्रॉप आर्म हलतो, तो ड्रॅग लिंक ढकलतो आणि शेवटी टाय रॉड पुढची दोन्ही चाके वळवतो.  

“चांगला होता, एका झटक्यात तुटला,” हा पहिला गैरसमज. झटका शेवटचा असतो, तूट जुनी असते. तुटलेले तोंड घासून साफ करण्याआधी उजेडात धरून पाहा. बऱ्याचदा एक भाग गुळगुळीत, काळपट, कधी गंजलेला आणि लाटांसारख्या रेषांचा दिसतो. उरलेला भाग खरबरीत आणि ताजा चकचकीत. गुळगुळीत भागात भेग हळूहळू सरकत गेलेली असते. खरबरीत भाग तेवढा त्या दिवशी तुटलेला. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हेच दाखवले: एका वेळी सहज पेलणारा भार हजारो-लाखो वेळा उलटसुलट पडला की पोलाद थकते आणि तुटते. म्हणून तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका. भेग कोणत्या बाजूने सुरू झाली हे त्यावर दिसते आणि पुढच्या दुरुस्तीची दिशा तिथेच मिळते.

मग हा उलटसुलट भार येतो कुठून? बहुतेकांना वाटते, जड ट्रॉली ओढताना स्टेअरिंग पिळून पिळून. हिशेब करून पाहा. दोन्ही हातांनी प्रत्येकी १० किलोचा जोर लावला आणि चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर असली, तर दांड्यावर पीळ येतो ४ किलोग्रॅम-मीटरचा. आता ट्रॅक्टरवर चढताना आपण काय करतो? स्टेअरिंगचे चाक धरून अंग वर ओढतो. तो ओढा ३० किलोचा धरला आणि खालचा आधार अर्धा मीटर दूर असला, तर वाकवणारा जोर १५ किलोग्रॅम-मीटर होतो. गोल दांड्यात तेवढ्याच जोराचा वाकण्याचा ताण पिळण्याच्या दुप्पट असतो, म्हणजे एकूण ताण साडेसात पट. नळी आणि तिला धरणारे ब्रॅकेट शाबूत असतील तर यातला मोठा वाटा ती उचलतात. ब्रॅकेटचा बोल्ट सैल, बुश झिजलेले, तर सगळा भार दांड्यावर. दिवसातून किती वेळा चढतो-उतरतो ते मोजा आणि त्याला वर्षांनी गुणा. 

यावरची माझ्या मते सर्वांत मोलाची सुधारणा अगदी स्वस्त आहे: मडगार्डला चढण्यासाठी पक्का दांडा बसवून घ्या आणि स्टेअरिंग धरून चढणे घरातल्या सगळ्यांनी सोडा.

सर्वांत घट्ट बसलेला समज वेल्डिंगचा. “वेल्डिंग मारलेली जागा जुन्यापेक्षा मजबूत होते, तुटली तर बाजूला तुटेल.” दुसरा अर्धा भाग खरा आहे आणि धोका तिथेच आहे. वेल्डच्या कडेची, तापून थंड झालेली पट्टी हीच आता सर्वांत कच्ची जागा असते. साध्या लोखंडात, ज्याला आपण एमएस म्हणतो, कार्बन कमी असतो आणि ते वेल्डिंग सोसते. स्टेअरिंगचे दांडे, आर्म यांना मात्र अनेकदा ईएन-८ सारखे पोलाद वापरतात, त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. असे पोलाद वेल्डिंगनंतर झटकन थंड झाले की ती पट्टी कडक आणि ठिसूळ बनते. वेल्डवर मगभर पाणी ओतून गाडी लवकर मोकळी करण्याची सवय इथे सर्वांत घातक. त्यात पावसाळ्यात ओल धरलेले रॉड वापरले तर हायड्रोजन आत शिरतो आणि भेग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडते. दुकानातून निघताना काम उत्तमच दिसते.

असे पोलाद जोडायचेच असेल तर भाग आधी साधारण १५० ते २५० अंशांपर्यंत तापवावा, ७०१८ जातीचे रॉड भट्टीत सुकवून वापरावेत आणि काम झाल्यावर राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू निवू द्यावे. हे करायला वेळ देणारा कारागीर दोन पैसे जास्त मागेल, ते द्यावेत. बाहेरची नळी किंवा ब्रॅकेट तुटले असेल तर अशी दुरुस्ती टिकू शकते. आतून घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालून जोड मारला तर आणखी बरे. पण टाय रॉड एंड, ड्रॉप आर्म, स्टब अ‍ॅक्सल आणि आतला दांडा यांना वेल्डिंग नको. हे भाग नवेच घालायचे. इथे मी तडजोड सुचवणार नाही.

“मग भरीव दांडाच टाकू, जाडजूड.” २५ मिलिमीटरचा भरीव दांडा मीटरला सुमारे ३.८५ किलो भरतो. ३२ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची नळी २.१५ किलो. त्याच जातीच्या पोलादात ही हलकी नळी पीळ मात्र सुमारे १८ टक्के जास्त सोसते, कारण पिळण्यात काम करते ते बाहेरच्या कडेचे लोखंड, मधले जवळजवळ बसून असते. म्हणून कंपनीने नळी दिली असेल तर ती काटकसर समजू नका. शिवाय जाड दांडा खरादीवर पायरी काढून जुन्या बुशात बसवताना पायरीचा कोपरा टोकदार राहिला, तर नवी भेग नेमकी तिथून सुरू होते. कोपऱ्याला गोलाई ठेवायला सांगा. “कडक पोलाद कमी वाकते” हेही चूक आहे. कडक आणि साधे पोलाद त्याच भाराखाली जवळपास सारखेच लवचिकपणे वाकते. कडक पोलाद कायमचे वाकायला जास्त भार मागते, इतकेच.

“थोडा प्ले असतोच.” स्टेअरिंगमध्ये ही ढिलाई असते, पण किती? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालवून घेत नाही. ४० सेंटिमीटरच्या चाकावर हे परिघाचे सुमारे साडेदहा सेंटिमीटर होतात. ही शेवटची हद्द आहे. चांगल्या स्टेअरिंगचा प्ले याहून बराच कमी असतो. प्ले वाढला की चाक ढेकळावर आपटताना प्रत्येक सांध्यात हातोडीसारखा ठोका बसतो. शेताचा धुरा तिरका ओलांडताना एकाच चाकावर भार येतो, तेव्हा हे ठोके सर्वांत जबर. पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते त्या किंग पिनच्या बुशांना ग्रीस वेळेवर मिळाले तर यातले अर्धे दुखणे उद्भवतच नाही.

पॉवर स्टेअरिंग बसवले की सगळे सुटते, असेही ऐकू येते. हाताचा त्रास नक्की कमी होतो. पण टाय रॉडवरचा जोर आता तेल लावते, आणि उभ्या ट्रॅक्टरची चाके जागच्या जागी वळवताना तो हातापेक्षा जास्तच असतो. झिजलेले सांधे जड स्टेअरिंगमधून हाताला जाणवत होते, ते आता जाणवत नाहीत. म्हणून किट बसवण्याआधी टाय रॉड एंड आणि किंग पिनचे बुश बदलून घ्या, पंप आणि सिलिंडर आपल्याच मॉडेलला लागू आहेत हे वितरकाकडून पक्के करा, आणि कॅसल नटमधली स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घाला. जुनी सरळ करून पुन्हा घातलेली पिनही त्याच थकव्याने तुटते आणि नट सुटायला मोकळा होतो.